बंबवाल्यालाही सुतक असू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अग्निशमन सप्ताहाच्या समारोपाचा फोटो आपल्या अंकात पाहिला. व्यासपीठावर बारा जण, त्यातले नऊ पांढऱ्या कपड्यांतले. गणवेशातल्या तिघांच्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ. फोटोत बंब दिसत नाही, पण तो मांडवाच्या मागे उभा असणार हे मी न बघता सांगते. सकाळी मैदानाची धूळ बसावी म्हणून पाणी त्यानेच मारलं असणार आणि खुर्च्याही त्याच पोरांनी मांडल्या असणार. एकतीस वर्षं मी हा सप्ताह मांडवाच्या मागच्या बाजूने पाहिला. आमचे हे खानदेशातल्या एका नगरपालिकेत फायरमन होते. १९८८ ला लागले, २०१९ ला निवृत्त झाले. आमच्या लोखंडी कपाटात अकरा शाली आहेत, त्यातली एकही थंडीच्या उपयोगाची नाही. नारळांच्या मात्र वड्या केल्या, त्या चांगल्या झाल्या.

सत्काराला माझी ना नाही. वर्षातून एकदा का होईना, कोणी नाव घेऊन बोलावतं. मला लिहायचं आहे ते मांडव नसलेल्या दिवसांबद्दल, आणि त्यासाठी आधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या घरी वांग्याचं भरीत होत नाही. खानदेशाबाहेरच्या वाचकाला वाटेल, यात एवढं काय. माझं माहेर यावल तालुक्यातलं, बामणोदच्या अलीकडचं. थंडी पडली की आमच्याकडे शेतात भरताची पंगत ठरलेली. मोठमोठी हिरवट-पांढरी वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सोलून लाकडी बडगीत कुटायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. सोबत पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकरी. हिवाळ्यात जावई आला आणि भरीत झालं नाही, असं माहेरी कधी घडलं नाही.

२००१ च्या जानेवारीत माझ्या भावाने अशीच पंगत केली. आदल्या रात्री यांची ड्युटी होती. एका भाड्याच्या खोलीला आग लागली होती, आत आई आणि दोन मुलं होती. यांनी आणि ड्रायव्हरने मिळून तिघांना बाहेर आणलं. जिवंत कोणी नव्हतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सकाळी आठला ड्युटी सुटली, यांनी अंघोळ केली आणि पोरांना स्कूटरवर बसवून आम्ही शेतात गेलो. जाळावर वांग्यांची सालं तडकायला लागली तसे हे उठले, विहिरीच्या पलीकडे गेले आणि ओकले. भाऊ म्हणाला, "दाजींची रात्रीची उतरलेली दिसत नाही." सगळे हसले. मीही हसले.

भाजण्याच्या त्या वासाने हे का ओकले, ते मला कळायला सहा वर्षं लागली. तोवर यांनी भरताचं ताट पुढे सरकवलं की मी माहेरचा अपमान समजून रुसत असे.

त्या सहा वर्षांत पिणं वाढलं. स्टेशनातले निम्मे पीत होते. "बंबवाला म्हटल्यावर पिणारच," असं लोक म्हणायचे आणि मीही तेच धरून चालले. हे रात्री दोनला उठायचे, गॅसचं बटण तपासायचे, मग मुलांच्या नाकापाशी हात धरून उभे राहायचे. एका दिवाळीत मुलगा फुलबाजी घेऊन पडद्याजवळ गेला तर त्याला असं मारलं की शेजारी धावत आले. मी काय केलं? दृष्ट काढली. एका बाबांकडे नेलं, त्यांनी ताईत दिला. दोन महिने माहेरी जाऊन बसले. त्या रात्री काय झालं होतं, एवढं मात्र विचारलं नाही. मी अंगणवाडी सेविका. दर महिन्याला पोराटोरांची वजनं घेऊन रजिस्टरात लिहायची आणि कोणाचं पाव किलो घटलं तरी त्याच्या आईला बोलावून घ्यायची. घरचा माणूस वाळत चालला होता ते नणंद दिवाळीला आली तेव्हा तिने दाखवून दिलं.

२००७ ला सासूबाई गेल्या. वय झालं होतं, घरातच, सगळ्यांच्या हातचं पाणी पिऊन गेल्या. तेरा दिवस हे घरी होते. नोकरी लागल्यापासून इतके दिवस सलग घरात बसण्याची ती पहिली वेळ. शेजारून पिठलं-भाकरी येत होती, रोज माणसं दारावर येत होती. दारावर आलेला माणूस काय करतो? टेकतो, गप्प बसतो, फार तर "कसं झालं?" एवढं विचारतो. सहाव्या दिवशी यांचे एक चुलत काका आले, ऐंशीच्या पुढचे, कमी ऐकू येणारे. त्यांनीही तेच विचारलं, "कसं झालं, भाऊ?" आणि हे सांगायला लागले. मला वाटलं आईचं सांगताहेत. सांगत होते ते त्या खोलीचं. कडी आतून कशी लागली होती, दार कसं तोडलं, मुलं मोरीत बादलीच्या आडोशाला कशी सापडली. तासभर बोलले असतील. काकांना किती ऐकू गेलं देव जाणे, पण ते जागचे हलले नाहीत. मी चहा घेऊन दारात उभी होते, तो तसाच परत नेला.

त्या दिवशी पिणं सुटलं असं मी लिहिणार नाही. सुटायला आणखी दीड वर्ष लागलं, डॉक्टर लागले, गोळ्या लागल्या. पण डॉक्टरांकडे जायला ते कबूल झाले ते त्या तेरा दिवसांनंतर.

तर माझं मागणं असं. ज्याच्या घरातलं माणूस जातं त्याला सुतक असतं. विटाळ मी मानत नाही, अंगणवाडीत सगळ्यांची पोरं मांडीवर घेतली. मला हवा आहे तो सुतकातला थांबा. त्या दिवसांत त्या माणसाकडून कोणी कामाची अपेक्षा धरत नाही, त्याला एकटं सोडत नाही, जेवण त्याच्यापर्यंत आणून देतात, आणि रडला तर कोणी हसत नाही. इतकी शहाणी व्यवस्था आपल्याच म्हाताऱ्याकोताऱ्यांनी लावून ठेवली आहे. परक्याचं प्रेत जो दोन हातांनी उचलतो त्याच्या वाट्याला मात्र यातलं काहीच येत नाही. त्याने स्टेशनवर परत यायचं, होज धुऊन सुकत घालायचे, टाकी भरायची, रजिस्टरात "मयत ३" लिहायचं आणि पुढच्या फोनची वाट बघायची.

ज्या कॉलवर माणूस मेलेलं सापडलं, त्यातून लेकरू असेल तर नक्कीच, त्या कॉलवरच्या सगळ्यांची पाळी तिथेच संपवावी. दुसऱ्या दिवशीही बोलावू नये. पगार कापू नये. आणि अर्ज मागू नये, कारण "मला सहन झालं नाही" असं कोणता फायरमन लिहून देईल? रजिस्टरातल्या त्या नोंदीवरूनच सुट्टी लागावी. नंतर आठवड्याने आणि मग महिन्याने एखाद्या जुन्या, निवृत्त सहकाऱ्याने त्याच्या घरी जाऊन टेकावं.

माणसं कुठून आणायची, असं मुख्याधिकारी विचारतील. आमच्या स्टेशनला एका पाळीत पाच जण असायचे, तेही भरतीच्या वर्षी. प्रश्न खरा आहे. पण माझ्या अंगणवाडीत मी आजारी पडले की शेजारच्या गावच्या सेविकेकडे अतिरिक्त कार्यभार जायचा. तीन-साडेतीन हजार मानधन होतं तेव्हापासून आम्हा बायकांना हे जमतं. शेजारशेजारच्या दोन नगरपालिकांना एका दिवसापुरती दोन माणसं एकमेकींना देता येऊ नयेत? पाळीचं गणित बसतच नाही असंही नाही. पोलिसांत मुंबईला देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, आणि तो कागदावर मांडून दाखवला होता एका साध्या शिपायाने. खरी अडचण वेगळीच आहे. आता बंबावरची बरीच पोरं कंत्राटी आहेत. त्यांचा एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला, मग ती कसली घरी बसतात.

आता त्या व्याख्यानाविषयी. आपल्या बातमीत शेवटच्या ओळीत आहे की "जवानांसाठी ताणमुक्तीवर व्याख्यान झाले". यांच्या वेळीही एकदा झालं होतं. पडद्यावर सूर्योदयाची चित्रं, डोळे मिटून दीर्घ श्वास, आणि शेवटी "आपापला सर्वांत वाईट अनुभव सांगा बरं". समोर साहेब बसलेले. कोण बोलणार! एका पोराने झाडावरच्या मांजराचा किस्सा सांगितला आणि सुटका झाली.

माझी सून धुळ्याला समाजकार्य शिकली. तिच्याकडून मला कळलं की जबरदस्तीने बोलतं करण्याचा हा प्रकार बाहेरच्या देशांतही होऊन गेला आहे. अमेरिकेत जेफ्री मिचेल नावाच्या गृहस्थाने १९८३ मध्ये एक पद्धत मांडली. ते स्वतः आग विझवण्याच्या आणि रुग्णवाहिकेच्या कामातले. मोठी दुर्घटना झाली की दोन-चार दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करायचं. हेतू चांगला होता, ती पद्धत खूप पसरली. पुढे तपासण्या झाल्या तेव्हा दिसलं की अशा एका बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. म्हणून आता कोणाला बोलण्याची सक्ती करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये जी साधी पुस्तिका काढली तिचं सार तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. आधी त्याला काय हवंय ते बघा, पाणी, झोप, घरी फोन. तो बोलला तर ऐका. आणि लागली तर पुढची मदत गाठून द्या. सूनबाईने हे वाचून दाखवलं तेव्हा मला आमचे बहिरे काका आठवले.

पुढच्या मदतीसाठी सरकारचा १४४१६ हा टेली-मानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. यांनी लावला नाही. मी लावला, स्वतःसाठी. बंबवाल्याच्या बायकोलाही झोप लागत नाही हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, सावकाश सांगा." असा नंबर बंबाच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगवायला किती खर्च येईल?

शरीराचं सांगायचं तर आधी धुणं. एकतीस वर्षं यांचा गणवेश मी घरी धुतला. जिनिंगला आग लागली की दोन-दोन, तीन-तीन दिवस चालायची. कापसाच्या गाठीत आग आतल्या आत धुमसते, वरून पाणी मारून भागत नाही, गाठी एकेक करून फोडाव्या लागतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ज्या फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, ज्यात ६६ अग्निशमन जवान गेले आणि ज्यांच्या आठवणीत हा सप्ताह पाळतात, त्या जहाजावरही दारूगोळ्याच्या जोडीला कापसाच्या गाठीच होत्या. आमचे हे दर वर्षी सांगायचे, "कापूसच होता गं, आपल्यासारखाच." तर त्या तीन दिवसांनंतर घरी यायचा तो गणवेश बादलीत टाकला की पाणी शाईसारखं व्हायचं. त्याच बादलीत नंतर मुलांच्या शाळेचे शर्ट. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आगी विझवण्याचा व्यवसाय हाच कर्करोगाला कारण म्हणून जाहीर केला. ज्या यादीत तंबाखूचा धूर आहे त्याच यादीत. ते वाचलं तेव्हा मला आधी यांचं आठवलं नाही, ती बादली आठवली. स्टेशनला एक धुण्याचं मशीन आणि गणवेशाचा दुसरा जोड, एवढं तरी अर्थसंकल्पात बसवा.

तपासणीचं तर विचारू नका. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू आहे असा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. भिंतीवरच्या लाल नळकांड्यालाही तारखेची चिठ्ठी असते. यांची छाती भरतीच्या वेळी मोजली होती, त्यानंतर थेट निवृत्तीनंतर, आम्ही आमच्या खर्चाने. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतीला चढून जाणारे नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी वाटेतच हृदयविकाराने गेले. रात्रीची वेळ, पाऊस, चिखल, उभी चढण. टीव्हीवर ते ऐकून हे म्हणाले, "आमच्यातला कोणीही असता." २०१५ ला काळबादेवीच्या आगीत मुंबई दलाचे चार अधिकारी गेले, त्यांत दलाचे प्रमुखही होते. तेव्हा यांनी पेपर बाजूला ठेवून विचारलं होतं, जे बाहेर आले ते त्या रात्री घरी गेले असतील का? उत्तर मला ठाऊक नव्हतं.

फायरमनचंच लिहिते आहे कारण ते घर मला ठाऊक आहे. १०८ च्या गाडीवरच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात. महामार्गावर रात्री-अपरात्री जी माणसं तो गोळा करतो, त्यांचं त्याने घरी काय करायचं? तापीत कोणी बुडालं की पोलीस काठावरच्या भोई समाजाच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना बोलावतात. त्यांचं तर नावही कुठल्या रजिस्टरात नसतं, बुडी मारून वर आले की कोणीतरी बिडी पुढे करतं.

देवाधर्माचं थोडं लिहिते. व्याख्यानाच्या जोडीला कधी कधी एखाद्या महाराजांचं प्रवचन ठेवतात. ठेवा. पण यांना ज्याने बरं वाटलं ते यांनी स्वतःच शोधलं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोरी, आणि निखाऱ्यावर तूप-घास सोडून आगारी टाकायची. सासूबाई गेल्यानंतरच्या आखाजीला यांनी बाजारातून एक घागर जास्त आणली. कोणाची, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आपल्या हातून गेलेल्यांची." मी म्हटलं, तुमच्या हातून कोणी गेलं नाही, तुम्ही पोचायच्या आधीच गेले होते. ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून दर वर्षी ती घागर असते. त्या रात्रीचा ड्रायव्हर मुसलमान, यांचा जिवलग. तो त्या तिघांच्या नावे दर वर्षी फातेहा देतो हे आम्हाला फार उशिरा कळलं. सहा वर्षं दोघं एकाच बंबावर शेजारी बसत होते आणि एकमेकांना बोलले नव्हते. दोघांची नातवंडं आता एका शाळेत आहेत. भरीत मात्र अजून होत नाही. मी ते माहेरी जाऊन खाऊन येते आणि घरी यायच्या आधी हात दोनदा धुते.

हे पत्र यांना वाचून दाखवलं आहे. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, गावाचं आणि आपलं नाव घालू नको, आता तिथे असलेली पोरं चांगली आहेत. दुसरं, स्टेशनातले निम्मे पीत होते हे चूक आहे, निम्म्यापेक्षा थोडे कमी होते. तशी दुरुस्ती समजावी.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचं झालं तर शालींचं आणि व्याख्यानाचं कापा. धुण्याचं आणि सुतकाचं कापू नका.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
(नाव व गाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)